खिडकीच्या पोटातली खिडकी

रामलिंग एसटीत ड्रायव्हर होते तेव्हा त्यांचं अर्धं अंग खिडकीबाहेरच असायचं, असं अहमदपूर डेपोत सगळे म्हणत. उजवं कोपर बाहेर, मान बाहेर, आणि आवाज तर त्याच्याही पुढे. नांदेडची गाडी घेऊन निघाले की वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर कुणी ना कुणी खिडकीखाली येऊन उभं राही. माळाकोळीचा हॉटेलवाला चहा वर देई. कुणी लेकीच्या गावी शेंगांची पिशवी धाडी, कुणी नुसतं तुरीचा भाव विचारून जाई. सगळी नोकरी अशी त्या खिडकीत गेली. उन्हानं उजवा हात डाव्यापेक्षा इतका काळा पडला होता की दोन हात दोन माणसांचे वाटत.

निवृत्त झाल्यावर ते घरापुढच्या ओट्यावर बसायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागले. आठवडाभर लोक थांबले, बोलले. मग लोकांनी वाट बदलली. बायको केवळाबाई वैतागून गेली. तिची बहीण लातूरला दिलेली होती, त्या बहिणीचा मुलगा मन्मथ गाड्यांच्या बॉडीचं गॅरेज चालवायचा. तिनं त्याला फोन करून सांगितलं, बाबा, तुझ्या मावसाला कायतरी काम दे, न्हाई तर हे मला वेडी करून सोडतील.

मन्मथला त्याच वेळी ड्रायव्हर हवा होता. एका जुन्या मोटारीवर फायबरचं नवं अंग चढवून त्यानं लग्नात भाड्यानं द्यायला एक गाडी बनवली होती. आरटीओच्या चकरा मारून कागदपत्रंही पुरी केली होती. रंग नारिंगी, बुटकी, नाक जमिनीला टेकलेलं. दारं बाजूला उघडत नसत, पंखासारखी वर जात. नवरदेवाला अशा गाडीत बसून मिरवायची फार हौस. केवळाबाईनं ती पाहिल्या पाहिल्या म्हटलं, "बेडकावानी हाय की रे."

रामलिंगना बेडकाचं काही वाटलं नाही. त्यांना खटकली ती खिडकी. दाराची काच खालून निघून वाकत वाकत थेट छतापर्यंत गेलेली, आणि ती सगळी पक्की बसवलेली. तिच्याच पोटात, खालच्या अंगाला, एक छोटं तावदान कापलेलं. उघडायचं तेवढंच. सिनेमाच्या तिकिटाच्या खिडकीएवढं.

पहिल्याच दिवशी सवयीनं त्यांनी कोपर बाहेर काढायला नेलं आणि ते काचेवर असं आपटलं की मन्मथ गॅरेजातून धावत आला. काचेला काही झालं नव्हतं.

"मावसा, लागलं का?"

"लागू दे. ही खिडकी कुणी केली?"

मन्मथनं मोबाइलवर फोटो दाखवले. बाहेरच्या देशांतल्या गाड्या, करोडोंच्या. एकीची काच अशीच वाकून छतात शिरलेली आणि तिच्यात छोटी खिडकी. एकीची दारं वर उघडणारी, आणि टोलचे पैसे द्यायला हात जाईल एवढंच भोक. एका जुन्या शर्यतीच्या गाडीची काच खाली जातच नव्हती, पुढे-मागे सरकायची. मन्मथ तासभर सांगत बसला. त्याला या खिडक्यांचं वेडच होतं. इतकी महाग गाडी आणि हात बाहेर निघत नाही, यातच त्याला मजा वाटायची.

"काच वाकडी हाय, दार सपाट हाय," तो म्हणाला. "वाकडी काच सपाट दारात उतरंल कशी? म्हणून उतरंल तेवढीच ठेवायची."

हे रामलिंगना पटलं. बसच्या अडकलेल्या काचा त्यांनी पाना मारमारून उतरवल्या होत्या. पण पटलं तरी आवडलं नाही. माळाकोळीवरून जाताना त्यांनी आतून हात केला, तर हॉटेलवाला गाडीच्या नंबराकडे बघत राहिला. ते तावदानाशी वाकून ओरडले, तेव्हा त्याला नुसती मिशी दिसली. मिशीवरून त्यानं ओळखलं खरं, पण चहाचा ग्लास हातात घेऊन तो विचारात पडला, की हा आत द्यायचा कसा. त्या सीझनला रामलिंगनी चार गावच्या वराती केल्या आणि घरी येऊन रोज केवळाबाईला सांगितलं की ही नोकरी डब्यात बसल्यासारखी आहे, सोडून देतो. केवळाबाई रोज म्हणाली, सोडा, आणि सकाळी डबा भरून दिला.

मे महिन्यात अहमदपूरच्या आदर्शचं लग्न लागलं. आदर्श कृषी सहाय्यक होता, शांत मुलगा. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवला. आत्या म्हणजे सुमनबाई, शाळेत पोषण आहार शिजवायच्या. गाडीची हौस त्यांचीच. आमच्या पोराला पाहून लोह्याच्या लोकांनी माना वळवल्या पाहिजेत, असं त्यांनी मन्मथला बजावलं होतं. मुलगी लोह्याची, लुंबिनी, नर्सिंगचं शिक्षण झालेली.

नवरदेव रामलिंगच्या शेजारी बसला आणि पाहुणे मागच्या जीपांत. लोह्यात शिरताच लोकांनी माना वळवल्याच. मुलीच्या घरापुढच्या गल्लीत मांडव होता. पांढऱ्या-निळ्या कापडाचं छत, त्याखाली दिव्यांच्या माळा. वारं सुटतं म्हणून मांडववाल्यानं छत जरा खालीच बांधलेलं. रामलिंगनी मांडवाबाहेर गाडी थांबवली आणि तावदानातून सांगितलं की नवरदेव इथंच उतरतील. पण मुलीचे वडील आनंदराज स्वागताला उभे होते आणि अशी गाडी दारात आली याचा त्यांना फार आनंद झाला होता. ते म्हणाले, बाहेर कशाला, पार आतपर्यंत येऊ द्या. दोन्ही हात हलवत ते स्वतः पुढे चालले. रामलिंग मागे मागे गेले. त्यांच्या मागे गाण्यांचा टेंपो आला आणि टेंपोच्या मागे सगळी वरात. गल्ली भरून गेली.

मग आदर्शनं दार उघडलं. दार वीतभर वर गेलं आणि छताच्या बांबूला टेकलं. रामलिंगच्या बाजूला तर दिव्यांची माळच आड आली. मागे जायला वाट नव्हती, कारण टेंपोवाला गाडी लावून जेवणाची पंगत बघायला गेला होता. एवढ्यात इंजिन तापलं आणि एसी बंद पडला.

आनंदराज कावरेबावरे झाले. कुणी म्हणालं बांबू कापा, कुणी म्हणालं काच फोडा. आदर्शच्या कोटाला घाम फुटला. रामलिंगनी एकवार सगळीकडे पाहिलं. गर्दीत अडकलेली गाडी त्यांना नवी नव्हती. त्यांनी दोन्ही तावदानं खाली केली, आपलं तोंड भोकाशी नेलं आणि डेपोतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "कुणी काय फोडायचं न्हाई. मांडववाल्याला बलवा, छत हातभर उचला. तवर नवरदेवाला जे द्यायचं ते हिकडून द्या."

गल्ली कामाला लागली. मांडववाला शिडी आणायला गेला. पाण्याचा स्टीलचा ग्लास आडवा केल्याशिवाय आत येईना, आणि आडवा केला तर पाणी राहीना, म्हणून रामलिंगनी एकाला पाण्याची बाटली आणायला धाडलं. सुमनबाई गर्दीतून वाट काढत आल्या. पोरगं सकाळपासून उपाशी आहे, हे त्यांना जास्त लागलं होतं. त्यांचा हात बांगड्यांमुळे मनगटापर्यंतच आत जाई. तेवढ्या हातानं त्यांनी आदर्शला पेढा भरवला, मग दुसऱ्या बाजूनं येऊन रामलिंगनाही एक भरवला, आणि "जयभीम, दादा" म्हणाल्या. पाठोपाठ मुलीकडच्या बायका आल्या. हार आत येईना, तर फुलं सुटी करून आत टाकली. लहान मुलींनी तर फुलं टाकायला रांगच लावली. आदर्श हसायला लागला. सकाळपासून तो पहिल्यांदा हसला होता.

गोंधळ ऐकून लुंबिनी स्वतःच बाहेर आली. पांढऱ्या साडीत ती सरळ खिडकीशी येऊन वाकली तेव्हा बाकीच्या बायका हसून मागे सरल्या. भोकाच्या एका बाजूला तिचं तोंड, दुसऱ्या बाजूला आदर्शचं. बाहेर कुणाला ऐकू जात नव्हतं. आत रामलिंगना मात्र सगळं ऐकू येत होतं आणि जायला जागा नव्हती.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "माझी नेमणूक झाली. देगलूरच्या दवाखान्यात. काल कळलं. घरचे म्हणले, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. मला तसं बरं वाटंना."

रामलिंग वेगाच्या काट्याकडे बघत बसले, जणू तो फिरतच होता. त्यांना वाटलं, आता हा पोरगा काय म्हणतो त्यावर या लेकीचं सगळं आहे.

"हजर कधी व्हायचंय?" आदर्शनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मग खोली बघावी लागंल," तो म्हणाला. "बदलीसाठी मी अर्ज करतो. होईस्तवर येऊन-जाऊन राहू." आणि मांडीवरचं एक फूल उचलून त्यानं बाहेर दिलं.

ती ते घेऊन आत गेली. रामलिंगनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, आणि उकाडा लई हाय असं उगीचच म्हणाले.

छत उचललं गेलं. दारं वर झाली, टाळ्या पडल्या. लग्न जरा उशिरा लागलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. जेवताना आनंदराजांनी रामलिंगना आपल्याशेजारी बसवलं आणि पहिलं वाढप त्यांच्या ताटात करायला लावलं. खिडकीत ऐकलेलं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. केवळाबाईला सांगितलं, पण तिनं अगोदर दुधावरची साय काढायचं बाजूला ठेवलं आणि नीट बसून ऐकलं, म्हणून.

त्यानंतर नोकरी सोडायची गोष्ट घरात निघाली नाही. लोह्यातल्या मुलींनी काढलेले फोटो फिरले होते आणि लोक मन्मथला फोन करून विचारत, ती खिडकीतून पेढा भरवायची गाडी आहे का. रामलिंग आता मांडवाच्या तोंडाशी पोचले की आधी उतरून छत बघतात, मुलीच्या बापाशी चार गोष्टी बोलतात, मगच गाडी पुढे घेतात.

दिवाळीनंतर एक दिवस गाडी रिकामी होती. त्यांनी केवळाबाईला रेणापूरला देवीला नेलं. ती आधी नको म्हणाली, मग नवी साडी नेसून आली, वाकून, डोकं सांभाळत आत बसली, आणि रस्ताभर रस्ता किती जवळ दिसतो म्हणून कुरकुरली. रेणापूरच्या बाजारात पेरूवाली दिसली. केवळाबाईनं उतरायचं नाव घेतलं नाही. तावदान खाली करून तिनं तिथूनच घासाघीस सुरू केली, आणि पेरू एक एक करून आत घ्यायला लागली. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले.

रामलिंग आपल्या बाजूच्या खिडकीशी वाकले आणि मागच्या जीपवाल्याला ओरडून म्हणाले, "थांबा की जरा. आमच्या बाई पेरू घ्यायल्यात."