साडूंचा चष्मा

रविवारी सकाळी साडेसातला दाराची घंटा वाजली की काचवाल्यांच्या पोटात दुखू लागे. खरोखरचं नव्हे, बोलण्यातलं. पण खरोखरचं दुखलं असतं तर बरं, असं त्यांना कधीकधी वाटे. निदान गोळी तरी घेता आली असती.

दारात त्यांचे साडू उभे असत. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत उकडलेली अंडी, मिठाची पुडी आणि एक जुना निळा थर्मास. थर्मासच्या झाकणाचा कान केव्हाच तुटलेला. त्या झाकणातून चहा प्यायला की जगात दुसरं काही नको, असं या माणसाचं म्हणणं होतं. काचवाल्यांनी मनातल्या मनात साडूंचं नावच ‘थर्मास’ ठेवून टाकलं होतं.

“काय साडूबुवा, येताय ना आज?” थर्मास दर वेळी विचारत.

“कामं आहेत,” काचवाले दर वेळी सांगत.

“बरं. डोंगर काय पळून जात नाही.”

डोंगर म्हणजे गावामागची एक टेकडी. दोनशे दहा पायऱ्या, वाटेत तीन बाकं, माथ्यावर पाण्याची टाकी. काचवाले एकदा, अगदी सुरुवातीला, त्यांच्याबरोबर गेले होते. नवा बूट टाचेला लागत होता. वर पोचल्यावर बाकीचे तिघं, थर्मास आणि दोघी बहिणी, टाकीच्या सावलीत बसून समोरच्या गवताकडे असे बघत राहिले की जणू तिथे काही चाललं आहे. काचवाल्यांनी विचारलं, “यात बघण्यासारखं नेमकं काय आहे?” थर्मासनी फक्त झाकणात चहा ओतून पुढे केला. त्यानंतर काचवाल्यांना दर रविवारी कामं निघू लागली.

त्यांची बायको मात्र जायची. अकराच्या सुमारास परत यायची तेव्हा गाल लाल, साडीच्या काठाला कुसळं, हातात एखादा गुळगुळीत दगड नाहीतर पक्ष्याचं पीस. असे सात दगड खिडकीत ओळीने मांडलेले होते. काचवाले ते मोजत असत.

हिशेब लावला तर काचवाल्यांचं पारडं जड होतं. थर्मास कचेरीच्या तळघरात जुनी कागदपत्रं सांभाळायचे. खिडकी नसलेली खोली, दिवसभर दिवा. घर दोन खोल्यांचं. काचवाल्यांच्या घराला तीन खोल्या, वर गॅलरी. मोटार होती. मागच्या वर्षी ते बायकोला तलावाकाठच्या हॉटेलात दोन दिवस घेऊन गेले होते. “छान होतं,” ती म्हणाली होती, बॅग उघडताना, वर न बघता. आणि हीच बाई तुटक्या कानाच्या झाकणातल्या अर्ध्या घोट चहाबद्दल अर्धा तास बोलायची. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खात होते दुसरेच, आणि खवखवत होतं काचवाल्यांना.

त्यात भर म्हणून थर्मासची एक खोड होती. कुठूनही परत येताना ते सगळ्यांना विचारायचे, “आज काय मिळालं?” प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची. वाऱ्याने टोपी उडाली. कुत्र्याने पायरी अडवली. काहीही चालायचं. ही खोड आता काचवाल्यांच्या घरात शिरली होती. जेवायला बसलं की बायको वाढता वाढता विचारायची, “आज काय मिळालं?”

“काही नाही,” काचवाले म्हणायचे. “पगार एक तारखेला मिळतो.”

ती हसायची नाही. टेकडीवर ती काय काय ऐकून हसत असेल याचा विचार करत काचवाले जेवायचे.

काचवाले चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात काम करत. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पाण्याखाली फिरणारी दोन चाकं, नंबर तपासायचं यंत्र आणि भिंतीला पाकिटांचे खण. एक चष्मा, एक पाकीट. पाकिटात डॉक्टरची चिठ्ठी. काच घासण्याआधी काचवाले मेणाच्या पेन्सिलीने तिच्यावर छोटा बाण काढत, नाकाच्या बाजूला तोंड केलेला, म्हणजे काच चौकटीत बसवताना फिरू नये. सव्वीस वर्षांत त्यांचा बाण चुकला नव्हता. शिवाय एक नियम होता. काच करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणीला एक बाई होत्या. त्यांची सही पडल्याशिवाय पाकीट पुढच्या दुकानात जात नसे.

थर्मासना नवा चष्मा लागला. ते चिठ्ठी घेऊन थेट काचवाल्यांकडे आले. “दुसऱ्या कुणाच्या हातचा नको मला,” ते म्हणाले. “आपला माणूस असताना बाहेर कशाला जायचं?”

चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच होता. फरक एवढाच की नंबर तिरका होता, आणि तिरक्या नंबराला काच कुठल्या कोनात बसवायची तेही लिहिलेलं असतं. एका डोळ्याचा कोन ऐंशी, दुसऱ्याचा शंभर. शनिवार होता. तपासणीच्या बाई रजेवर होत्या. आदल्या रात्री जेवताना बायकोने सांगितलं होतं की वरच्या बाकावर बसलं की आपल्या घराची गॅलरी दिसते, इवलीशी, काडेपेटीएवढी. “तुम्ही तिथे उभे होतात,” ती म्हणाली होती. “आम्ही हात केला. तुम्ही बघितलंच नाही.” आम्ही. या एका शब्दावर काचवाले दुसऱ्या दिवशीही अडकून बसले होते. हात काम करत होते. काचा घासून झाल्या, चौकटीत बसल्या, आणि तपासणीच्या रकान्यात त्यांनी स्वतःचीच सही ठोकून दिली. घरचंच तर काम.

रविवारी साडेसातला घंटा वाजली. थर्मास नवा चष्मा लावून उभे होते.

“साडूबुवा, गंमत सांगू? फरशी पलीकडे कलल्यासारखी दिसते. बोटीत उभं राहिल्यासारखं वाटतंय. मजा येते!”

काचवाल्यांना तिथल्या तिथे कळलं. फरशी कललेली दिसते म्हणजे कोन चुकला. नंबर सारखे, म्हणजे दुसरं काही नाही. उजव्याचा कोन डाव्याला गेला आणि डाव्याचा उजव्याला. यंत्रावर धरूनही बघायची गरज नव्हती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, “काढा तो, उद्या नीट करून देतो.” सहा शब्द.

मागे जिन्यावर त्यांची बायको आणि धाकटी कशावर तरी खिदळत होत्या.

“नवा चष्मा आहे,” काचवाले म्हणाले. “सवय होईल.”

हे वाक्य दुकानातलं होतं. गिऱ्हाईक कुरकुर करत आलं की काउंटरवरचा माणूस हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून तर ते खोटं बोलायला इतकं सोयीचं.

“होईल ना,” थर्मास म्हणाले. “तोवर बोटीची हौस फिटेल.” आणि निघाले.

पुढच्या रविवारी थर्मास पायरीवर अडखळले. गुडघा खरचटला. “पायरी होती तिथे नव्हती,” त्यांनी हसत सांगितलं, पण परतताना त्यांनी धाकटीचा हात धरला होता, हे काचवाल्यांना बायकोकडून कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी साडेसात वाजले, आठ वाजले, घंटा वाजली नाही. धाकटीचा फोन आला. यांचं डोकं जड आहे, आज नको.

बायको बूट घालून बसली होती. तिने ते सावकाश काढले.

काचवाल्यांना हवं होतं ते मिळालं होतं. संधी साधून ते म्हणाले, “चल, आपण दोघं जाऊ. मोटार काढतो.” त्यांनी आठवड्यातच एक थर्मास विकत आणून ठेवला होता. स्टीलचा, मोठा, दोन झाकणांचा. मोटारीने ते तळ्याकाठच्या बागेत गेले. बाकावर बसले. काचवाल्यांनी चहा ओतला.

“कसा आहे?”

“कडक आहे.”

“जागा छान आहे ना?”

“हो.”

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “काय मिळालं आज?”

“असं बसल्या बसल्या मिळत नसतं,” ती म्हणाली. “आणि हे विचारणं त्यांनाच शोभतं.”

काचवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. डोकं जड होऊन घरी पडलेला माणूसही या बाकावर त्यांच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला होता.

गुरुवारी ते घरी लवकर आले तर धाकटी स्वयंपाकघरात बहिणीजवळ बसली होती. काचवाले बाहेरच्या खोलीत चपला काढत होते. बोलणं ऐकू येत होतं.

“डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकत नाहीत गं ताई. म्हणतात, चष्मा भाऊजींनी केलाय, त्यात चूक असणार नाही. म्हणजे डोळ्यांतच काहीतरी झालंय. ते कळून काय करायचं?”

“वेडेपणा आहे हा.”

“रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसतात. आहेत तोवर बघून घेतो म्हणतात. काल मला विचारलं, डोळे गेले तर काय काय दिसतंय ते सांगशील ना? नीट सांग म्हणाले, उगाच छान छान करून नको.” धाकटीने नाक ओढलं. “बूट धुऊन माळ्यावर ठेवून दिलेत.”

काचवाले एक चप्पल पायात आणि एक हातात धरून उभे राहिले. जळायचं होतं तेवढं ते जळले होते. हा माणूस डोळे गेले असं समजूनही त्यांच्या हाताच्या कामावर विश्वास ठेवून बसला आहे, एवढी उधारी मात्र त्यांना नको होती.

शुक्रवारी त्यांनी जुनं पाकीट काढलं, चिठ्ठी समोर ठेवली आणि नव्या काचा केल्या. बाण दोनदा पुसून दोनदा काढला. तपासणीच्या बाईंनी काचा यंत्रावर धरल्या, पाकीट उलटून बघितलं.

“आधीची तपासणी तुमचीच?”

“हो. तुम्ही रजेवर होता.”

“मग गुपचूप बदलून द्या की. चौकट जरा सैल होती म्हणून सांगा. गिऱ्हाइकाला काय कळतंय?”

हेही दुकानातलंच वाक्य होतं. काचवाल्यांनी काचा रुमालात गुंडाळल्या, बारीक स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

त्या रविवारी घंटा त्यांनी वाजवली. थर्मासच्या दाराची, साडेसातला, बायकोला बरोबर घेऊन.

“टेकडीवर चला,” ते म्हणाले. “मी येतोय.”

थर्मासना नाही म्हणवेना. बूट माळ्यावरून खाली आले. पायऱ्या चढताना एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला काचवाले. थर्मास प्रत्येक पायरी पायाने चाचपत होते. पहिल्या बाकावरच काचवाल्यांनी सगळ्यांना बसवलं. “चष्मा द्या.” त्यांनी चौकटीचे स्क्रू सैल केले, जुन्या काचा काढल्या, नव्या बसवल्या. एक स्क्रू गवतात पडला. दोघी बहिणी गुडघ्यांवर बसून शोधू लागल्या. थर्मास चष्म्याविना डोळे किलकिले करून बसले होते, मांडीवर थर्मास.

“सापडला,” धाकटी ओरडली.

थर्मासनी चष्मा लावला. समोर विजेचा खांब होता. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत बघितला, मग पायऱ्या, मग आपल्या हाताची बोटं.

“सरळ आहे,” ते म्हणाले. “अहो, खांब सरळ आहे!”

“काचा उलट बसल्या होत्या,” काचवाले म्हणाले. “उजवीचा कोन डावीला. माझी चूक.”

“चूक काय, माणसाच्या हातून—”

“पहिल्याच रविवारी कळलं होतं मला. दारातच. तुम्ही बोट म्हणालात तेव्हा.”

हे बोलायची गरज नव्हती. पण खांब सरळ झाल्यावर तो माणूस ज्या आनंदाने त्यांचे आभार मानायला निघाला होता, तो काचवाल्यांना सोसला नसता.

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगवलं नाही. तुम्ही खूश होतात.”

थर्मासना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की तसा काचवाल्यांनी कधी पाहिला नव्हता.

“गाढव आहात तुम्ही,” ते म्हणाले. “मी रात्री रात्री जागलोय. भिंत धरून न्हाणीघरात जायची सवय करत होतो मी, दिवा न लावता. नालायक माणूस.”

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं, पिशवी उचलली आणि कोणाला चहा न देता पायऱ्या चढू लागले. धाकटी त्यांच्यामागे गेली. काचवाल्यांची बायको उभी राहिली. नवऱ्याकडे बघितलं. मग तीही वर गेली.

काचवाले बाकावर बसले. हातात जुन्या काचा होत्या. त्यातली एक डोळ्यांसमोर धरून त्यांनी टेकडीकडे बघितलं. सगळं पलीकडे कललेलं, पुसट. थर्मास वर चढत होते, कोणाचा हात न धरता, दोन दोन पायऱ्या एकदम. रागातसुद्धा त्या माणसाचं चालणं बघत राहावं असं होतं. काचवाल्यांना याचाही हेवा वाटला.

तासाभराने तिघं खाली आले. थर्मास त्यांच्याजवळ थांबले नाहीत. पुढे जाऊन मात्र वळले आणि म्हणाले, “बसून काय राहिलात? ऊन वाढलंय. चला.” वाटेत त्यांनी सगळ्यांना विचारलं, आज काय मिळालं. काचवाल्यांना सोडून.

दुपारी जेवताना बायकोने ताट मांडलं. खिडकीत आठवा दगड आला होता. मग ती म्हणाली, “काय मिळालं आज?”

काचवाल्यांनी विचार केला. पगाराची गोष्ट तोंडावर आली होती, ती त्यांनी गिळली.

“शिवी,” ते म्हणाले. “मनापासून दिलेली.”

“कमीच मिळाली,” ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात वाढलं.