चाचणीचा मेल

दसऱ्याच्या मुहूर्तावर मेल सर्व्हर अपडेट करायचा, ही आमच्या साहेबांची हौस. नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसात सकाळी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, पेढे वाटले आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळे पांगले. मागे कोण थांबणार, हा प्रश्नच नव्हता. "तू बस ना यार, तसाही तुला यंदा सण नाहीये," एक सहकारी सहज म्हणाला. खरंच होतं, श्रावणात माझी आई गेली होती. मला त्याचा राग आला, आणि थांबायला मिळालं म्हणून बरंही वाटलं. डोंबिवलीच्या घराला कुलूप होतं.

आई होती तेव्हा मी ऑफिसात शिरलो की तिचा फोन यायचा, "पोचलास का रे?" ठाण्याला जातोय की चंद्रावर, असं मी वैतागून म्हणायचो. आता मी पोचलो काय, न पोचलो काय, विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

अपडेट झाल्यावर सर्व्हर सुरू व्हायचा आणि पहिला मेल आला की बंद पडायचा. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी आधी हार काढून ठेवला. उगाच संशय नको. मग एरर वाचत बसलो. घोळ एका लायब्ररीचा होता, म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायच्या तयार कोडचा. अपडेटने तिची नवी आवृत्ती आणली होती. पण माझ्याआधी कुणीतरी जुनी प्रत हाताने दुसऱ्याच फोल्डरात ठेवून दिलेली. मेलचा प्रोग्रॅम नवी घ्यायचा, स्पॅम अडवणारा फिल्टर जुनी ओढून आणायचा, आणि दोन्ही एकत्र आल्या की सगळं ठप्प. जुनी बाजूला केली, तर फिल्टर रुसला. त्याचीही नवी आवृत्ती चढवली. मग मात्र सर्व्हर सुरू झाला आणि सुरूच राहिला.

"झालं," मी मोठ्याने म्हणालो. रिकाम्या ऑफिसात ते फार विचित्र वाटलं.

उरली चाचणी: मेल बाहेर जातो का, बाहेरचा आत येतो का. ऑफिसच्या पत्त्यावरून माझ्याच खासगी पत्त्यावर मेल लिहायला घेतला. एरवी मी नुसतं 'टेस्ट' लिहितो. त्या दिवशी लिहिलं, "पोचलास का रे?"

खिशातला मोबाइल वाजला. उलट दिशेची चाचणी करायचीच होती, म्हणून त्यावरूनच उत्तर लिहिलं, "पोचलो गं." ते समोरच्या स्क्रीनवर आलं आणि मला रडू फुटलं. आई गेल्यापासून मी पोचल्याचं कुणाला कळवलंच नव्हतं.