नायनाय

नायनाय माझ्याशी दीड वर्ष बोलत होती आणि तिचं एकही वाक्य मला पुरतं कळलं नाही. तिनं त्याची कधी फिकीर केली नाही. मी इचलकरंजीत मागाचा फिटर. नवे माग शिकून यायला मालकांनी मला चीनला धाडलं, तर ते माग बनवणारा कारखाना निघाला भातखाचरांच्या मधल्या एका खेड्यात. राहायची सोय नायनायच्या माडीवर झाली. ती तिच्या गावठी चिनीत बोलायची, मी माझ्या गावच्या, कोडोलीच्या मराठीत उत्तर द्यायचो. आमचं कधी अडलं नाही.

नायनाय म्हणजे त्यांच्याकडं आजी. पहिल्यांदा घरी फोन लावला तेव्हा आईनं विचारलं, "घरात कोण हाय तुझ्यासंगं?"

"नायनाय."

"न्हाय न्हाय काय करतोस? कोण तरी असंल की."

समजावून सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हातारीला जप रं."

जपायची मात्र तीच. मी दिसलो की दारातून हाक यायची, "छर्फान?" जेवलास का? हो म्हटलं तरी वाडगा भरायची. मी डुकराचं मटण खात नाही हे कळल्यावर तिला माझी कीव आली आणि रोज अंडी सुरू झाली. तिची नात मेई तालुक्याच्या शाळेत शिक्षिका होती. रविवारी यायची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमची दुभाषी व्हायची. एकदा ती म्हणाली, "आजी विचारते, तुझ्या आईनं तुला इतक्या लांब पाठवलं, म्हणजे घरी दुसरा मुलगा असेल ना?" मी एकुलता एक, असं सांगितलं. त्या दिवसापासून मी कामावरून येईपर्यंत नायनाय वाटेला उभी राहू लागली.

थंडीत एकदा परत येताना मी पाटात घसरून पडलो. ताप भरला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण नायनायचं समाधान होईना. एका तिन्हीसांजेला तिनं माझा स्वेटर उचलला आणि पाटाकडं गेली. मी माडीच्या खिडकीतून बघत होतो. पाण्याकडं तोंड करून ती हाका मारत होती, "तातू, हुइ च्या! तातू!" दत्तू तिला म्हणता येत नसे. मग तान्हं पोर धरावं तसा तो स्वेटर छातीशी धरून, मागं न बघता, हाका मारतच ती घरी आली आणि तो तिनं माझ्या अंगावर पसरला.

मेईनं नंतर अर्थ सांगितला. हुइ च्या म्हणजे घरी चल. "आजी म्हणते, तू घरी आलास, पण तुझा जीव घाबरून पाण्याशीच बसला होता. त्याला घेऊन आली."

ताप उतरला. गोळ्यांनीच उतरला असेल.

मी इचलकरंजीला परतल्यावर मेई तिला मोबाईलसमोर बसवायची. ती इतकी जवळ यायची की नुसतं कपाळच दिसायचं. शेवटच्या वेळी मेई म्हणाली, नव्या रस्त्यासाठी गाव उठणार आहे आणि आजी घर सोडायला तयार नाही. पुढं ज्यावर बोलायचो ते चिनी अ‍ॅपच आपल्याकडं बंद झालं. मेईचा दुसरा नंबर नव्हता. गाव उठलं असेल तर पत्ता तरी कुठला?

अजून पाळी बदलताना माग थांबतात, शेडमध्ये क्षणभर सामसूम होते, तेव्हा मागून कुणी तरी "तातू" म्हणतं. मी मान वळवत नाही. हाक कुठून येते, इथून की तिथून, ते मला कळून घ्यायचं नाही.

पितृपंधरवड्यात आई दर वर्षी विचारायची, "म्हातारी हाय का गेली? जित्या माणसाचं पान वाढत न्हाईत."

"माहीत नाही."

"मग हाय म्हणूया."

यंदा तिनं विचारलं नाही. वडिलांच्या पानाशेजारी दुसरं पान वाढलं. भात, वडे, खीर आणि एक उकडलेलं अंडं. पितरांच्या पानात आमच्याकडं अंडं कुणी ठेवत नाही.

वडिलांचं पान मी कौलांवर ठेवून आलो. दुसरं उचललं, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो आणि जेवू लागलो. आई दारात उभी राहून बघत होती. मग आत आली आणि तिनं मला आणखी भात वाढला.