मामांच्या घरचा समुद्र

तापीकाठच्या आमच्या सगळ्या मुलखात समुद्र असलेलं घर एकच आहे, आणि ते माझ्या बायकोच्या मामांचं. भुसावळला, पुढच्या खोलीत, जिथं इतरांकडे टीव्ही असतो तिथं. काचेच्या टाकीतला हा समुद्र, लांबी तीन फूट. या समुद्रात मी एकदा मीठ टाकलं. झालं असं, की मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एक रात्र जळगावला राहावं लागलं आणि घर राखायला धुळ्याहून मला बोलावलं गेलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "पानी रेघेच्या खाली गेलं त भर घाला, जावईबापू." तिकडच्या उन्हात टाकीतलं पाणी बघता बघता बोटभर उतरतं. मी विचार केला, समुद्राला गोडं पाणी कसं चालेल? स्वयंपाकघरातून मीठ आणलं, बादलीत कालवलं, चव घेतली, पुरेसं खारट वाटेना म्हणून आणखी मूठभर घातलं आणि ओतलं. संध्याकाळपर्यंत आतला प्राणी वाळल्या लिंबाएवढा झाला. दुसऱ्या दिवशी मामा डोळ्याला पट्टी बांधून आले. उघड्या डोळ्यानं त्यांनी आधी टाकीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "उडते ते पानी, जावईबापू. मीठ कुठी उडते? ते तिथीच राह्यते." मी बी.एस्सी. झालेला आहे ही गोष्ट त्यांनी त्या वेळी काढली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग तीन-चार दिवस ते थोडं थोडं पाणी बदलत राहिले आणि तो प्राणी पुन्हा उमलला. माझा चेहरा पूर्ववत व्हायला त्याहून जास्त वेळ लागला.

तो प्राणी म्हणजे समुद्रफूल. दिसायला फूल, पण आहे प्राणीच. खाली एक जाडसर पाय, त्यानं तो दगडाला चिकटून बसतो. वर बोटांसारख्या, टोकाला फुगलेल्या तपकिरी शेंगांचा झुपका, आणि मधोमध तोंड. डोळे नाहीत, नाक नाही. मामांच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर भाड्यानं राहत होते, त्यांची ही हौस. बदली झाली तेव्हा रंगीत मासे ते घेऊन गेले. हे फूल काही दगड सोडीना, आणि ओढलं तर पाय फाटून मरतं, म्हणून टाकीसकट मामांच्या गळ्यात पडलं. मामा त्याला पाहुणा म्हणतात. त्या घरातला दुसरा पाहुणा मी, आणि दोघांत जास्त बडदास्त कुणाची ठेवली जाते हे मी सांगत बसत नाही. नवा माणूस घरात आला की पाच मिनिटं टाकीत वाकून बघतो आणि विचारतो, "मामा, मासे कुठी हायेत?"

"मासे नाहीत."

"मंग काय हाये?"

"हे हाये."

पुढं कुणी काही विचारत नाही. कुणी काचेवर टिचकी मारली तर मात्र मामा म्हणतात, "तुमच्या दारावर येता-जाता कोनी टिचक्या मारल्या त बरं वाटीन का?"

मामांनी लग्न केलं नाही. नोकरी सगळी दीपनगरच्या वीज केंद्रात, आणि तीही गरम पाणी थंड करण्याच्या खात्यात. रेल्वेतून जाताना वाफ सोडणारे जे अजस्र मनोरे दिसतात, त्यांच्या पायथ्याशी त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, नाही तर शेतीत लक्ष घालतात. मामांनी तीन फुटांच्या टाकीतलं पाणी थंड ठेवायचं काम अंगावर घेतलं. त्यासाठी फ्रिजसारखं एक यंत्र आहे. ते टाकीचं पाणी थंड करतं आणि तेवढीच गरम हवा खोलीत सोडतं. त्यामुळे मे महिन्यात पाहुणा मुंबईच्या हवेत असतो आणि आम्ही भट्टीत. दर रविवारी मामा समुद्र कालवतात. फिल्टरचं शुद्ध पाणी, मुंबईहून मागवलेलं खास मीठ, आणि ढवळायला, गव्हाला कीड लागू नये म्हणून तो वरखाली करायचा जुना दांडा. खारटपणा मोजायला काचेची नळी आहे. ती डोळ्यापुढं धरून ते असे उभे राहतात, की दारावर आलेला भाजीवालाही हाक न मारता थांबतो.

पाहुण्याच्या जेवणाचा प्रश्न सगळ्यांत अवघड. मामा माळकरी. घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि पाहुण्याला लागतो झिंगा, आठवड्यातून दोनदा, कच्चा. मामा तोंडाला रुमाल गुंडाळून मच्छीबाजारात जातात. उन्हाळ्यात गावात सगळ्यांचीच तोंडं बांधलेली असतात, त्यामुळे ते खपून जातं. पण मामा हिवाळ्यातही तसेच जातात, त्यामुळे सगळा बाजार त्यांना लांबूनच ओळखतो. "मामा आले, बारका झिंगा काढ," असं कोळीण मुलीला सांगते. घरी आल्यावर लांब चिमट्यानं त्याचा तुकडा पाहुण्याच्या बोटांवर ठेवायचा. बोटं मिटतात, तुकडा आत जातो. मामा त्या वेळी भिंतीकडे बघतात. एकादशीला पाहुण्याला उपास असतो. मी एकदा म्हटलं, "मामा, त्याला काय कळतंय?" तर म्हणाले, "तुमाले तरी कुठी कळते? तुमी साबुदाना खाता तीन ताटं."

या पाहुण्यापायी मामा कुणाकडे मुक्कामाला जात नाहीत. मुक्ताईनगरला दर्शनाला जातात ते दुपारी परत. लग्नात अक्षता पडल्या की घड्याळ बघायला लागतात. आमच्याकडे धुळ्याला तर आमच्या लग्नानंतर ते दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा कामासाठी. एकदा घराचं प्लंबिंग बघायला आणि एकदा आमच्या कूलरची मोटर बदलायला. मोटर बसली, चहा घेतला, निघाले.

गेल्या मेमध्ये आम्ही दोघं भुसावळला होतो. सकाळी गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळला. दुसरा संध्याकाळपर्यंत येईल असं वायरमन सांगून गेला. थंड करायचं यंत्र इन्व्हर्टरवर चालत नाही. टाकीतलं पाणी तिशीच्या पुढं जाऊन तिथंच राहिलं, तर पाहुणा वाचत नाही, आणि बाहेर पंचेचाळीस. मामांनी इन्व्हर्टरवर एकच टेबलफॅन लावला आणि त्याचं तोंड टाकीच्या पाण्याकडे केलं. "वारा लागला का पानी उडते, उडताना गरमी घेऊन जाते. दीपनगरले हेच केलं जन्मभर." मी त्या वाऱ्याच्या वाटेत खुर्ची टाकली, तर मला उठवलं.

दुपारी इन्व्हर्टर बसला. मग मामांनी केळीच्या खोक्याचे पुठ्ठे फाडले, एकेक आमच्या हातात दिला आणि आम्ही टाकीला वारा घालायला लागलो. शेजारचे सलीमभाई, त्यांचं बर्फाचं दुकान आहे, बाटल्यांत पाणी गोठवून घेऊन आले. त्या बंदच ठेवून टाकीत सोडायच्या, म्हणजे गोडं पाणी आत मिसळत नाही. सलीमभाई पुठ्ठा हलवत म्हणाले, "चाचा, इसको गरमी लगती, ये बोलता तो कुछ नहीं."

"तू बोलतो ना, त्याच्याऐवजी," मामा म्हणाले.

"हमको कोई हवा नहीं डालता."

घामानं निथळणारी चार मोठी माणसं, डोळे-नाक नसलेल्या एका जिवाला पुठ्ठ्यांनी वारा घालताहेत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर आमचं काही खरं नव्हतं. पण मामांकडे बघून हसायची सोय नव्हती. त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. बायकोला मात्र दोनदा म्हणाले, "माय, तू थांब, हात दुखतीन." ती थांबली नाही. ऊन कलता कलता पारा तिशीला टेकला. पाहुणा आक्रसून मुठीएवढा झाला आणि त्याचं तोंड उघडं पडलं. "तोंड उघडं टाकलं का मंग अवघड राह्यते," असं मामा म्हणाले, पण पुठ्ठा खाली न ठेवता त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

दिवेलागणीला वीज आली. गल्ली कूलरपुढं पळाली. यंत्र सुरू झालं, पाणी उतरलं, पण पाहुणा उमलला नाही. दुसऱ्या दिवशी तो मधोमध फाटायला लागला. मामांचा चहा समोर होता तसा राहिला. बायको त्यांच्याजवळ नुसती बसून होती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर दगडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोन पाहुणे, लहान लहान, दोघांनाही तोंड, दोघांचीही बोटं पसरलेली. टाकीवाल्या डॉक्टरांना फोन लावला. असं होतं म्हणाले. जिवावर बेतलं की हा प्राणी एकाचे दोन होतो. मामांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "घाबरला त वाटन्या करून घेतल्या त्यानं." कोर्टात न जाता झालेली आमच्या नात्यातली ही पहिलीच वाटणी.

निघायच्या दिवशी मामा माझी बॅग दारापर्यंत घेऊन आले आणि टाकीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, एक धुळ्याले घेऊन जानार का? जम बसेपर्यंत मी येत जाईन. टाकीही बसवून देईन." मी दचकलो. आमचा फ्लॅट लहान, धुळ्याचं ऊन, माझी फिरतीची नोकरी, झिंगे कोण आणणार, असं सगळं भराभर सांगितलं. मामांनी नीट ऐकून घेतलं. "बरोबर हाये तुमचं," म्हणाले, आणि भरताची वांगी गाडीत ठेवायला वाकले.

एरंडोल मागे पडलं. मी बायकोला म्हटलं, "मामांचं मन मोठं. एवढं जिवापाड जपलेलं, तरी त्यातलं अर्धं देत होते आपल्याला."

"तुम्हाला ते देणं वाटलं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आपण दर फोनला 'या, या' म्हणतो, तेवढ्यानं मामा कधी आलेत का? काम असलं तरच येता येतं त्यांना. पारोळ्याला थांबा चहाला, आणि मामांना फोन लावून द्या. टाकी कधी बसवायला येता, ते मी विचारते."