मायच्या मशीनचा कंट्रोलर

सोलरचा चार्ज कंट्रोलर म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यात आधी मायले समजलं. मी आयटीआयले इलेक्ट्रिशियन करत होती, अख्ख्या वर्गात पोरगी म्हणून मी एकटीच, अन् घरी येऊन सांगायले बसली का बाबा जांभया द्यायचे. मायनं ऐकलं अन् म्हणे, "म्हणजे बैलाचा कासरा. पॅनल उधळते, हा त्याले धरून धरून बॅटरीपाशी नेते." बास. याच्यापेक्षा बरं मले आजही सांगता येत नाही. उन्हासारखी वीज कमी-जास्त येते, बॅटरीले ती बेतानं द्या लागते, भरली का थांबवा लागते, नाहीतर बॅटरीतलं पाणी उकळून जाते. तळहाताएवढा डबा, पण सगळं त्याच्यावर.

आता हे आमच्या घरी कायले पायजे होतं ते सांगतो म्हणजे सांगते, मी घाईत असली का असंच लिहिते. मायले दमा होता. डॉक्टरनं वाफेचं मशीन दिलतं, तोंडाले मास्क लावून औषधाची वाफ घ्यायची, म्हणजे छाती मोकळी व्हायची. मशीन चालते लाईनवर, अन् आमच्या गावची लाईन म्हणजे पाव्हण्यासारखी, आली तर आली. राजूरची मावशी सारखी फोन करायची, का इकडं ये, कोळसा खदानीच्या क्वार्टरात लाईन जात नाही. माय काही जायले तयार नव्हती. म्हणे, बहिणीच्या घरी मी पाव्हणी म्हणून जाईन, दुखणेकरीण म्हणून नाही. तर आमच्यापुढं गोष्ट एवढीच होती. मशीन घरी चालवता आलं तर माय घरी राहील, नाहीतर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले जाईल.

अन् घर तरी कसं होतं. कापसाचे भाव पडले होते त्या वर्षी, म्हणजे त्या सगळ्याच वर्षांत पडलेलेच होते, पण त्या वर्षी मायनं हट्टच धरला. बाबा दुसऱ्याच दिवशी देऊन मोकळे झाले असते. माय म्हणे, "इतक्या भावात देण्यापेक्षा मी त्याच्यात निजीन." मंग मधल्या खोलीत कापूस भरला, टिनापर्यंत. भिंतीवरचे फोटो झाकले, देवळी झाकली, खिडकी झाकली. आम्ही छपरीत निजायचो. कापूस घरात असला का अंगाले खाज सुटते, बारीक तूस नाकात जाते, कपड्यावर बसते, भाकरीत येते. डॉक्टरनं सांगितलंच होतं का ही धूळ बरी नाही. त्याच्यावर माय हासली. म्हणे, पेरला मी, निंदला मी, वेचला मी, आता तोच मले खाईल का?

पॅनल अन् बॅटरी आमच्याकडं होते, वावरातल्या झटका मशीनचे. रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, येतात म्हणून धुऱ्यानं, बांधाबांधानं, तार लावलेली असते, तिले हलका झटका देणारं मशीन सोलरवर चालते. बाबानं ते सोडून घरी आणलं. हरभरा डुकराच्या हवाली, म्हणे, खाऊ दे त्याइले. एक लहान इन्व्हर्टर मी आयटीआयच्या सरांकडून जुना आणला. झटका मशीनचा कंट्रोलर त्याच्या आतच असते, तो आपल्या कामाचा नाही, म्हणून ढाणकीच्या बाजारातून एक प्लास्टिकचा, स्वस्तातला घेतला. लावला. लाईन गेली, मायनं मास्क लावला, मशीन घरघरलं, अन् आम्ही दोघं बापलेक असे पाहत उभे का जसा काही टीव्ही चालू झाला. माय मास्कातून हातानं खुणावत होती, सरका, वारा येऊ द्या.

मंग तो कंट्रोलर जळाला. काहून जळाला ते ऐका. आमच्याकडं वावरातून पॅनल चोरी जातात, म्हणून दिवस मावळायच्या आधी उजेड असतानाच सगळं सोडून घरी आणा लागते. बाबाले त्याची कित्येक वर्षांची सवय. आधी बॅटरी सोडायची, बंडीत ठेवायची, मंग पॅनल. घरच्या टिनावर लावलेलं पॅनलही ते रोज तसंच सोडायचे! मी आयटीआयवरून येईपर्यंत पॅनल गोधडीत गुंडाळून कापसाले टेकवून ठेवलेलं असायचं, अन् मले वाटे का टिनावरून चोरी जाईल म्हणून काढतात, कोणतं आधी सोडतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पण उन्ह असताना बॅटरी आधी काढली का पॅनलचा सगळा जोर एकट्या कंट्रोलरवर येते, त्याले वीज ठेवायले जागाच राहत नाही. चांगला असला तर सहन करते. आमचा नव्हता.

त्या दिवशी दिवेलागणीले लाईन गेली. बाबानं इन्व्हर्टरचं बटण दाबलं तर नुसती पीं-पीं. बॅटरी कधीपासून भरलीच नव्हती. माय बाजेवर दोन्ही हात टेकून पुढं वाकून बसली होती, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. एरवी तिनं बाबाले सोडलं नसतं. त्या दिवशी शिव्या द्यायलेही तिच्यात दम नव्हता, अन् तेच पाहून बाबा जास्त भेले. फटफटीवर मधात मायले बसवून, मागून मी धरून, आम्ही तिले ढाणकीच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं लाईन होती.

दुसऱ्या दिवशी मी ढाणकीच्याच बाजारात, चाचाच्या दुकानात. चाचा जळलेल्या मोटारी पुन्हा बांधायचे, पंखे, पंप, आता सोलरचंही सामान ठेवत. बोलायले लागले का गिऱ्हाईक आपलं काम विसरून जाय. मी सांगितलं असं असं झालं. त्याइनं जळका डबा नाकाशी धरला अन् डोळे मिटून मान हालवली, जसे काही मयतीलेच आले. मंग नवे काढून काउंटरवर मांडले. एकावर मोठ्या अक्षरात एमपीपीटी लिहिलेलं. एमपीपीटी म्हणजे भारीतला, पॅनलमधून जास्तीत जास्त वीज ओढून घेणारा. चाचानं तो माझ्या हातात दिला अन् विचारलं कितना लगता है. मी म्हटलं हलका हाय, चाचा. ते खुश. "असली होता तो अंदर ताँबे का बड़ा कॉइल रहता, हाथ नीचे जाता. डब्बे पे तो बेटी कोई कुछ भी लिख देता." मंग असली काढला, जड. म्हणे हा ने, डबल बिजली. मी म्हटलं डबल नाही होत, चाचा, एकच लहान पॅनल, अन् आपल्या उन्हात तापलं का त्याचा जोर असाच उतरते, मंग हा भारीवाला थोडंसंच जास्त देईल. ते म्हणे, तू बहोत पढ़ गई. मी म्हटलं तुमी पण बहोत बेचता. आम्ही दोघंही हासलो, अन् तो डबा परत खोक्यात गेला.

मी मंग माझ्या खऱ्या प्रश्नावर आली. उन्हात बॅटरी काढली तरी टिकेल असा कोणता हाय? चाचानं चष्मा वर केला. "बेटी, तेरे को पॅनल का नहीं, तेरे बाप का कंट्रोलर लगेगा. वो मेरे पास नहीं."

शेवटी घेतला तो मधला. साधाच, पण लोखंडी अंगाचा, जाड तार बसेल असे स्क्रू, पॅनलचा जोर वाढला तर स्वतःले बंद करणारा, अन् पाण्याच्या बॅटरीची वेगळी सेटिंग असलेला. तसा दुसराही एक होता, पण त्याच्यावर नुसते आकडे. याच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र होतं अन् त्याच्यात उभ्या काड्या. भरली का सगळ्या काड्या, उतरली का एकेक कमी. माय आकडे वाचत नव्हती. पण काड्या तिले समजतील, बॅटरीत किती हाय ते कोणाले विचारावं लागणार नाही, स्वतःच पाहील अन् स्वतःच मशीन लावील. मी त्या काड्यांसाठीच तो घेतला, खरं सांगते. येताना बसमध्ये तो पिशवीतून काढून काढून पाहत होती.

बॅटरी छपरीत ठेवली, खोलीत नाही. चार्ज होताना तिच्यातून वायू निघते, अन् आत कापूस. पॅनलच्या तारेवर एक खटका बसवला, अन् बाबाले शिकवलं का आता सोडायचंच नाही, अन् कधी सोडावंच लागलं तर आधी पॅनलचा खटका बंद, बॅटरी सगळ्यात शेवटी. जोडताना बॅटरी आधी. बाबा दरवेळी उलटं सांगत. मंग बाजेवरून माय बोलली. "बॅटरी घरधनी हाय, पॅनल पाव्हणा. घरधनी घरात असल्याशिवाय पाव्हणा आत घ्याचा नाही. अन् पाव्हणा गेल्याशिवाय घरधन्यानं घर सोडाचं नाही. आता तरी बसलं का डोक्यात?" बाबाले बसलं. चाचानं काय म्हटलं तेही मी तिले सांगितलं, बापाचा कंट्रोलर, तर तिले इतकं हासू आलं का खोकला लागला अन् मशीन लावा लागलं.

ते थंडीचे दिवस बरे गेले असं आम्ही समजत होतो. संध्याकाळी मी घरी आली का आधी पडदा पाहायची, सगळ्या काड्या उभ्या. बाबा येईल त्याले दाखवत, पाहा, दिवसभर मशीन चालवून बॅटरी भरलेली. शेजारची काकू म्हणे आमच्याही घरी बसवून दे वं. मी मैत्रिणींले फोटो पाठवले.

मंग एक दिवस आयटीआयले सुट्टी लागली अन् मी दुपारी घरी होती. लाईन गेलेली. माय छपरीत बाजेवर बसलेली, पुन्हा तसंच दोन्ही हात टेकून, ओठ निळसर, अन् नजर कंट्रोलरवर. मास्क बाजूले पडलेला. मी म्हटलं लाव ना. तिनं हात हालवला, थोडं थांबते. एक काडी कमी झालती. मी बळजबरीनं मास्क लावला. छाती मोकळी झाल्यावर विचारलं तवा निघालं का ती रोजच असं करत होती. एक काडी गेली का मशीन बंद. संध्याकाळी लाईन नाही आली तर? उद्या आभाळ आलं तर? पडद्यावर भरलेलं दिसलं का तिले बरं वाटे, म्हणून ती ते भरलेलंच ठेवत होती. श्वास अर्धा घ्यायची अन् बॅटरी पुरी ठेवायची.

मी चिडली. मी म्हटलं, माय, ती संपवण्यासाठीच भरलेली असते, उद्या ऊन पुन्हा निघते, फुकटात निघते. कायले राखून ठेवतेस?

"सवय नाही वं मले," ती म्हणे. "भरलेलं संपवायची."

मी पडद्यावर काळी पट्टी चिकटवली, तर तिनं ती काढली. बाबानं सांगून पाहिलं, तर त्याइलेच ऐकवलं का तुमी गप राहा, तुमी तर एक जाळलाच हाय. ती मस्करीच करत होती. पण काड्या राखणं तिनं सोडलं नाही, अन् कापूसही राखून ठेवला, अन् दोन्ही राखता राखता तिची छाती भरत गेली.

होळीच्या आधी यवतमाळच्या दवाखान्यात न्या लागलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, आता वाफेनं भागणार नाही, ऑक्सिजनचं मशीन लागेल, रात्रभर चालू, बंद पडता कामा नये. मी त्या मशीनच्या मागं जाऊन त्याच्यावर लिहिलेले वॅट वाचले. तिथंच भिंतीले टेकून मनात हिशोब केला, मंग पुन्हा केला. आमच्यासारख्या कितीतरी बॅटऱ्या पाहिजे होत्या, टिनावर मावणार नाहीत एवढे पॅनल. कंट्रोलर कोणताही घेतला असता, हलका, जड, मधला, काही फरक नव्हता. बाबा माझ्या तोंडाकडं पाहत होते. त्याइले वाटत होतं मी आयटीआय करते म्हणजे मले काही ना काही सुचंल. मी नाही म्हणून मान हालवली.

मायनं ते पाहिलं. म्हणे, बहिणीले फोन लाव.

राजूरले तिले मावशीच्या पुढच्या खोलीत ठेवलं. मशीन खरंच बंद पडत नव्हतं. खिडकी मात्र उघडता येत नव्हती, बाहेर कोळशाचे ट्रक, दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत करडे होत. मी सुट्टीले जायची. नाकात नळी, त्याच्यामुळं ती हळू बोलायची. मावशी तिची खूप करायची, पण माय तिच्याकडून पाणी घेतानाही उठून बसायची, पाव्हण्यासारखी. कापूस आम्ही विकला तो कोणत्या भावात विकला ते बाबानं तिले सांगितलं, अन् तिनं ऐकून डोळे मिटून घेतले. घरी कधी न्याल, असं तिनं एकदाही विचारलं नाही. मी वाट पाहायची का विचारंल, अन् मी काहीतरी सांगीन.

ती तिथंच गेली, उन्हाळ्यात. गाडीतून घरी आणलं तवा बायांनी तिले मधल्या खोलीत ठेवलं, खोली मोकळी होती, खिडकी उघडी. कोणीतरी म्हणे गरमी लय हाय, पंखा लावा. लावला, अन् तो फिरत राहिला. त्या दिवशी दिवसभर लाईन गेली नाही.