मान वर न करण्याची कला

हानाचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो. एक फाइल ओढावी आणि अख्खा गठ्ठा अंगावर यावा, तसं. आम्हां कारकुनांना त्याची सवय असते.

हाना कोरियन पॉप गायिका आणि अभिनेत्री. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात आमच्या लेकीच्या खालच्या मजल्यावर राहते. जन्मदाखल्यावर मुलगा, बाकी सगळीकडे हाना. तिकडे गाणी गाजवून ती इथे मालिकांत नशीब आजमावायला आली. हट्ट एकच: ती पूर्वी कोण होती हे कुणी कुणाला समजावून सांगत बसणार नाही, अशी एक भूमिका हवी.

* * *

ती पहिल्यांदा आली ती कसलासा फॉर्म लेकीला दाखवायला. लेक मीटिंगमध्ये. मी फॉर्म शेवटपर्यंत वाचला, दोन सह्या राहिल्याचं सांगितलं आणि परत दिला.

"तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही," ती म्हणाली.

"चूक कागदात होती, तुमच्यात नव्हती."

संध्याकाळी लेक ओरडली, "बाबा, तिला लाखो लोक फॉलो करतात!"

"मग सह्या राहिल्यात हे एकाने तरी सांगायचं."

* * *

इथल्या पहिल्या मालिकेत हाना तिसऱ्या भागात मेली. दुसरीत पहिल्याच भागात. तिसरीत ती आधीच मेलेली होती, भिंतीवर नुसता फोटो लागणार होता.

मिसेस पार्क ही तिची सख्खी मावशी आणि मॅनेजरही. ती म्हणाली, "घे गं. फोटोत छान दिसतेस."

हानाने नकार कळवला. इतकं मरून झाल्यावर माणसाला थोडी विश्रांती हवी असते.

* * *

आमच्या हिने एकदा चहा ओतता ओतता सरळ विचारलं, "तू आधी मुलगा होतीस म्हणे?"

"लोकांना तसं वाटायचं, काकू."

"मग तेव्हाचे सूट काय केलेस? आमच्या जावयांना झाले असते."

सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या गाण्याच्या कार्यक्रमात हानाने हे स्टेजवरून सांगितलं. थिएटर हसून लोळलं. जावई तिसऱ्या रांगेत होते. हल्ली ते अंग भरायला जिमला जातात.

* * *

आणि मग ती भूमिका आली. सरकारी कचेरीतली कारकून, मालिकेची नायिका. संहितेत कुठेही मरण नाही, खुलासा नाही. हाना जिना धावत चढून आली.

"काका, शिकवा. ही गेली तर मी सोलला परत जाणार."

निवृत्तीनंतर माझ्याकडे काही शिकायला आलेली ही पहिलीच व्यक्ती. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

डायनिंग टेबल झालं कचेरीची खिडकी, आमची ही झाली जनता. हानाची अडचण एकच, समोर कुणी आलं की ती गोड हसायची.

"इतकी वर्षं तू लोकांनी बघावं म्हणून काम केलंस," मी म्हणालो. "आता ते बघतील, तू बघायचं नाही. आधी कागद. माणूस कुठे पळून जात नाही."

चौथ्या दिवशी आमची ही तणतणत स्वयंपाकघरात गेली. "एक कारकून जन्मभर सहन केला, आता ही दुसरी!"

मी हानाला पास केलं.

* * *

शूटिंग पुढच्या महिन्यात लॉस एंजेलिसला सुरू होतंय. हानाला विचारलं तर नुसती हसते, म्हणून शेवटच्या ऑडिशनची हकिगत मिसेस पार्कनेच सांगितली.

खोलीत एक टेबल, त्यावर कागद, कागदांमागे हाना. काम उत्तम चाललं होतं. तेवढ्यात दिग्दर्शक उठून समोर आला. त्याच्या हातात हानाचा जुना, मुलगा म्हणून काढलेला फोटो. मिसेस पार्कने डोळे मिटून घेतले.

"कॅमेऱ्यासाठी जरा या आयुष्याबद्दल सांगशील?" त्याने विचारलं.

हानाने हातातला कागद पुरा वाचला. उलटला. मागची बाजूही वाचली.

"त्याची चौकशी पाच नंबरच्या खिडकीवर," ती मान वर न करता म्हणाली.

त्या खोलीत खिडकी एकही नव्हती. कोपऱ्यात कॉफीचं मशीन होतं. दिग्दर्शक फोटो घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.