भोकराच्या काकूंचं परसदार

मी जुन्नर सोडलं त्या दुपारी अब्बा एस.टी. स्टँडवर थेट कामावरून आले होते. भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. मला मेलबर्नला नर्सची नोकरी लागली होती आणि पुण्याची गाडी सुटायला आली होती. खिडकीशी येऊन ते एवढंच म्हणाले, "शेजाऱ्यांच्या दारात बसायला शिक. एकटी घरात नको बसू."

अब्बा पिंजारी. गावोगाव फिरून लोकांच्या परसदारी बसायचे, जुना कापूस पिंजून गाद्या भरायचे. सुट्टीत मीही बरोबर असायची. आमच्या घरची बोली वेगळी, पण जुन्नरजवळच्या डिंगोऱ्या गावाच्या वाटेला लागलं की अब्बा मराठीतच बोलायचे, आणि घरांची ओळख झाडांवरून सांगायचे. बकुळीचं घर. आवळ्याचं घर. ज्यांच्याकडे लोणच्याची भोकरं मिळायची त्या इंदूकाकू म्हणजे भोकराच्या काकू. भोकराचा चिकट गर लावून मी वह्यांना कव्हरं चिकटवलीत.

मेलबर्नमध्ये मी खरंच दारोदार जायला शिकले. तिथं वसंतात काही रविवारी लोक आपल्या घरच्या बागा सगळ्यांसाठी उघड्या ठेवतात. अट एकच, झाडं तिथल्याच मातीतली हवीत. मी नकाशा घेऊन फिरते, पाट्या वाचते, थँक्यू म्हणते. प्रत्येक बागेत मला डिंगोरं आठवायचं. आपल्याकडे हे पाट्या न लावताच होतं, असं मी तिथल्या मैत्रिणींना ऐटीत सांगायची.

या वेळी सुट्टीवर आले तेव्हा अब्बांना म्हटलं, चला, आपली जुनी घरं बघून येऊ. त्यांचं काम कधीच बंद झालंय, आता सगळीकडे फोमच्या गाद्या. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

बकुळीच्या घरी बकुळीच्या जागी गाडीचं शेड होतं. आवळ्याच्या घरी अंगणभर पेव्हिंग ब्लॉक आणि निळ्या ड्रमात दोन पाम. तिसऱ्या घरी न्हाणीमागे तेवढा अडुळसा उरला होता, तोही सांडपाण्यावर आपोआप वाढलेला. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येकानं कौतुकानं फरशी दाखवली. मी हसून मान हलवत होते आणि आतून चिडत होते. एकेका घराबरोबर मी मेलबर्नमध्ये मारलेली फुशारकी खोटी पडत होती.

इंदूकाकूंच्या परसदारी हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं होतं. भोकर नव्हतं.

काकू काठी टेकत बाहेर आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला दोन शब्द गोड बोलायला हवे होते. त्याऐवजी मी विचारलं, "काकू, भोकर का तोडलं? शंभर पामांनी असल्या झाडाची भरपाई होत नाही. तिकडे लोक असली झाडं जिवापाड जपतात."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. पाखरं, सावली, माती, तिकडे शिकलेलं सगळं ऐकवलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नसीम, फळं गळून खाली लई चिकट व्हायचं बघ. घसरून पडले. खुबा मोडला. दोन महिने खाटंवर व्हते. एक पोरगा चाकणला, एक दुबईला. रोज झाडायला घरात व्हतं कोण? तुमी समदी गेलात, मग झाड कुणाच्या भरवशावर ठिवायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माझ्या वतीनं अब्बाच बोलले, "वयनी, पोरगी लांबून आलीय, दमलीय."

परतताना जीपमध्ये अब्बा जुन्नर जवळ आल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांच्या परसदारी बसलो. दुसऱ्याच्या अंगणात पाणी मागावं. जाब मागू नये."

मी मेलबर्नला परतल्यावर अब्बा एकटेच डिंगोऱ्याला जाऊन आले. फोनवर विचारलं, काकू माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? अब्बा म्हणाले, न्हाई, त्यांच्या जुन्या गादीचं बोलणं झालं, कापूस चांगला होता म्हणाल्या. एवढंच. मला बोल लावला असता तरी चाललं असतं. त्यांनी माझा विषयच काढला नाही, आणि तेच मला खुपत राहिलं.

तुम्ही जे गावाकडेच राहिलात, तुमची माझ्यावर चिडण्याची मुभा मला मान्य आहे. आणि माझ्यासारखे जे निघून आलात, तुम्हाला हे आधीच ठाऊक असेल: मेलबर्नच्या बागांमध्ये मला कधीच राग येत नाही. कुणी उद्या आख्खी बाग उपटली तरी मी हळहळेन आणि पुढच्या पत्त्यावर जाईन. डिंगोऱ्यात एका झाडासाठी माझा तोल गेला. एवढ्यावरून घर कुठं आहे ते कळतं. पण तिथं रागवायचा हक्क रोज सकाळी खराटा हातात घेणाऱ्यांचा आहे, आणि तो मी माझ्या हातानं सोडून आलेय.